राक्षस कुठे बसवायचा

विनायकराव टिपणिसांची बोलती आजवर कुणी बंद केली नव्हती. मोजणी खात्यात अख्खी नोकरी गेली त्यांची. बांधावर भावकी कोयते घेऊन उभी राहायची आणि हा माणूस मधोमध मोजणीची साखळी टाकून म्हणायचा, "आधी चहा सांगा, मग एकमेकांना मारा." असा गडी. पण त्या गड्याला फोनवरून आठ वर्षांच्या पोरीनं गार केलं.

पोरगी म्हणजे नात, वल्लरी. ती असते पुण्याला, आजोबा पनवेलला. रोज संध्याकाळी फोन आणि फोनवर एक गोष्ट, हा नेम. त्या दिवशी विनायकरावांनी नेहमीसारखी सुरुवात केली, "आटपाट नगर होतं..."

"आजोबा, कुठं आहे ते?"

"काय कुठं आहे?"

"आटपाट नगर. पुण्यापासून किती लांब?"

"असतं ते. लांब असतं."

"नदी आहे का तिथं? शेजारी कुठलं गाव आहे?"

आता बघा, हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या आजोबाला विचारला असता तर त्यानं काहीतरी ठोकून दिलं असतं. पण हा मोजणीचा माणूस. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, उत्तर-दक्षिणेला कोण, ही चतुःसीमा सांगितल्याशिवाय यानं कधी कुणाला उकिरड्याची जागासुद्धा दाखवली नव्हती. आणि स्वतः इतकी वर्षं आटपाट नगरात राजे बसवतोय, राण्या नांदवतोय, आणि गावाची हद्द माहीत नाही! विनायकरावांनी फोन ह्या कानावरून त्या कानावर घेतला.

"तुम्हालाच माहीत नाही," वल्लरी म्हणाली. रागानं नाही हो, अगदी समजूतदारपणे. ते जास्त लागतं. "राहू द्या आजोबा. मी टॅबवर बघते."

टॅबवर बघते! विनायकरावांनी फोन कानाला धरूनच खुर्चीवरून उठून उभं राहून सांगितलं, "तुझ्या वाढदिवसाला इथं येणार आहेस ना? त्या दिवशी नवी गोष्ट. राक्षस, पऱ्या, उडते घोडे, सगळं. आणि जागेसकट! नकाशा हातात देतो."

"खरंच? मग मी मैत्रिणींना सांगते."

सांगून मोकळी झाली ती. म्हणजे परतीची वाट बंद.

आता कुणीही शहाणा माणूस काय करील? घरात बसेल, डोळे मिटेल आणि मनाला येईल तिथं राक्षस उभा करील. त्यांची बायको सुनीताबाई तेच म्हणाली. "अहो, गोष्टीतली जागा आहे. मनानं ठरवा."

"मनानं?" विनायकरावांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा समोरच्यानं गप्प बसायचं असतं, पण हे सुनीताबाईला लग्नापासून कुणी सांगितलेलंच नाही. "जागा न बघता कागद रंगवणारे वेगळे. मी स्थळपाहणी केल्याशिवाय राक्षस बसवणार नाही."

"मग टोपी घालून जा. ऊन आहे."

सोसायटीचे सेक्रेटरी उदयसिंह परदेशी. मोठा उत्साही माणूस, गाडी बाळगून आणि काम नाही असा. त्यांना लिफ्टमध्ये कळलं आणि खाली उतरेपर्यंत त्यांचा सल्ला तयार. "टिपणीस, डोकं चालवू नका. कर्नाळा किल्ला! तो सुळका बघा, अंगठ्यासारखा उभा. राक्षसासाठीच केलाय."

गेले दोघे. सुळका छान होता, त्यात वाद नाही. विनायकरावांनी जुनी मोजपट्टी काढून एका झाडाचा घेर घेतला, कारण राक्षस टेकून बसणार तर झाड दणकट हवं. तेवढ्यात एक माकड आलं आणि पट्टीचं टोक धरून सरळ वर. पट्टी उलगडतेय, माकड चढतंय, खाली विनायकराव डबी धरून ओरडतायत, "ताणू नको! ताणू नको!" माकडानं झाडाची उंची अगदी बरोबर मोजली. आकडा तेवढा सांगितला नाही. पट्टी वरच राहिली.

वर शाळेच्या दोन सहली आल्या. पोरं सुळक्याकडे पाठ करून फोटो काढायला लागली. विनायकराव म्हणाले, "नाही जमायचं. इथं राक्षस आला तर पोरं त्याच्याबरोबर सेल्फी काढतील. त्याचा दरारा काय राहणार?"

मग विनायकरावांना जवळचं विचुंबे गाव आठवलं. तरुणपणी तिथं मोजणी केलेली, मोठी विहीर होती, वर वडाच्या पारंब्या. पऱ्या उतरायला एक नंबर जागा. गेले. विहीर नाही, वड नाही, पारंब्या तर नाहीतच. सात मजले उभे, आणि खाली काचेच्या खोलीत प्राची नावाची एक गोड बोलणारी मुलगी. तिनं दोघांना बसवलं, थंड पाणी दिलं आणि म्हणाली, "सर, वन बीएचके बघताय की टू?"

"मला पऱ्यांसाठी जागा हवी होती," विनायकराव म्हणाले. खोटं बोलायची सवय नाही माणसाला.

प्राचीनं वहीवरून मान वर केली. "किती जणी आहेत, सर?"

"पाच-सहा धरा."

"जॉब करणाऱ्या?"

"नाही, उडणाऱ्या."

"एअरलाइनमध्ये आहेत का? छान. पण सर, एकट्या मुलींना देत नाही आम्ही. फॅमिली प्रेफर करतो. त्यांचे आईवडील राहणार असतील तर सांगा."

उदयसिंह इतके हसले की पाण्याचा ग्लास त्यांच्या शर्टावर सांडला. आणि वर त्यांनी सॅम्पल फ्लॅट बघून घेतला, फुकट दाखवतात म्हणून.

येताना उदयसिंहांनी गाडी नेरे गावाकडे वळवली. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा एक प्लॉट आहे, तारेचं कुंपण आणि आत एक आंब्याचं झाड. तिथं उभं राहून ते मोठ्या मनानं म्हणाले, "इथं बसवा तुमची गोष्ट. आपलीच जागा. पऱ्या आणा, घोडे आणा. राक्षस तेवढा नको."

"का?"

"विकायला काढलाय हो मी."

घरी आले तेव्हा विनायकरावांचं ठरलं होतं. जी जागा बघावी तिथं कुणीतरी आधीच बसलेलं. मग राहिलं काय? आपली जागा आपणच काढायची. कपाटातून ड्रॉइंगचा कागद काढला, काळी शाई, लाल शाई, टोक काढलेल्या पेन्सिली, आणि बसला माणूस जेवणाच्या टेबलावर. सुनीताबाईनं ताटं ओट्यावर वाढली.

नकाशा झाला मात्र देखणा. वर कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. खाली मोजमापाचं प्रमाण. डोंगराला बारीक फटकारे. मधून वळत जाणारी नदी. काळ्या तिरक्या रेघा मारल्या ते राक्षसाचं घर, हिरवे ठिपके म्हणजे पऱ्यांची वसाहत, आणि सरळ लांबलचक तुटक पट्टा म्हणजे उडत्या घोड्यांची धावायची जागा. कुठल्या खुणेचा काय अर्थ, ते वेगळ्या कागदावर लिहिलं, पद्धत असते तशी. गावाचं नाव अजून सुचत नव्हतं, म्हणून जागा रिकामी ठेवली.

एकच गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. मनानं काढायला बसले, पण हात तीस वर्षं ह्याच मुलखात फिरलेला. नदी काढली ती गाढी नदीसारखी वळली. डोंगर काढला तो नेऱ्याच्या मागचा निघाला. आणि राक्षस बसला तो बरोबर उदयसिंहांच्या आंब्याखाली.

सकाळी मोठ्या अभिमानानं नकाशा घेऊन ते हितेशच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. खुणांचा कागद राहिला टेबलावर, भाजीच्या पिशवीखाली. हितेश तसा चांगला माणूस, लग्न झालेला, दुकान स्वतःचं, पण मोबाइल हातात असला की त्याला राहवत नाही. त्यानं नकाशा बघितला, बाण बघितला, प्रमाण बघितलं, आणि हळूच विचारलं, "काका, हे कधीचं?"

"कालच केलं."

"आणि होणार कधी?"

"रविवारी," विनायकराव म्हणाले. वाढदिवस रविवारी होता.

झालं. आता पनवेलच्या माणसाला नकाशा दाखवणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. इथं कुणाची जमीन विमानतळात गेली, कुणाची रस्त्यात, कुणी काल प्लॉट घेतलाय, कुणाला उद्या विकायचाय. माणूस पाहुण्याकडे लग्नाला गेला तरी आधी विचारतो, तुमच्याकडे प्लॅनमध्ये काय दाखवलंय? हितेशनं फोटो काढून स्टेटसला लावला. विनायकराव जिना चढून घरी पोचायच्या आत तो फोटो नेऱ्याला पोचला होता.

पहिली बेल उदयसिंहांची. चेहरा पांढरा. "टिपणीस, तुम्ही माझ्या गाडीत बसून माझ्याच प्लॉटवर काळ्या रेघा मारल्यात?"

"तो राक्षस आहे."

"कसला राक्षस! काळ्या रेघा म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये! कचऱ्याचा डेपो!"

विनायकरावांनी भाजीची पिशवी उचलून खुणांचा कागद काढला आणि समोर धरला. उदयसिंहांनी तो दोनदा वाचला. राक्षस. पऱ्या. उडते घोडे. मग सोफ्यावर बसले, घाम पुसला, पाणी प्याले. सुनीताबाईला वाटलं मिटलं. पण नाही.

"बरं, गोष्ट आहे. मान्य," उदयसिंह म्हणाले. "तरी राक्षस तिकडे सरकवा."

"अहो, गोष्टीतला आहे तो!"

"आज गोष्टीत येतं, उद्या प्लॅनमध्ये येतं."

आणि मी सांगतो, पुढं जे पन्नासेक लोक आले ना, ते सगळे हेच म्हणाले. खुळे नव्हते हो लोक. गोष्ट आहे हे सगळ्यांना पटलं. पण कागदावर आपल्या दारात राक्षस बसलेला कुणाला बघवेना. सुनीताबाई चहा करून करून वैतागली, म्हणाली, "ह्यांना खाली हॉलमध्ये न्या, नाहीतर मी पुण्याला जाते."

मग विनायकरावांनी काय केलं असेल? दुसरा कुणी असता तर नकाशा फाडून टाकला असता. यांनी सोसायटीचा हॉल उघडला, टेबल मांडलं, नकाशा अंथरला, कडेला वजनं ठेवली आणि जुन्या सरकारी आवाजात म्हणाले, "ज्यांच्या हरकती व सूचना असतील, त्यांनी एकेकानं पुढे या. सुनावणी होईल." अंगात वारं भरल्यासारखा दिसत होता माणूस. रिटायर झाल्यापासून एवढं कुणी विचारलं नव्हतं त्यांना.

उदयसिंहांची हरकत पहिली. राक्षस सरकला. पलीकडच्या फार्महाऊसवाल्याची दुसरी. राक्षस नदीपार गेला. तिकडच्यांनी आरडाओरडा केला, राक्षस डोंगरावर चढला. डोंगरावर आमचं देऊळ आहे म्हणाले, राक्षस खाली उतरला. एवढा दमलेला राक्षस कुठल्या गोष्टीत नसेल. शेवटी खोडरबरानं कागद झिजून पातळ झाला, तेव्हा विनायकरावांनी सुस्कारा टाकून त्या काळ्या रेघाच पुसून टाकल्या. हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

मग विचुंब्याची गंगाबाई पुढं आली. पार म्हातारी, काठी टेकत. "बाबा, आमची विहीर दाव."

"आजी, ती बुजवली. मी बघून आलो."

"माला ठाव हाय बुजवली ती. कागदावं दाव. गोष्टच हाय ना?"

विनायकरावांनी एक निळा गोल काढला. वर वडही काढला. मग एकानं भाताची खाचरं मागितली, एकानं पोहायचा डोह, उदयसिंहांनी आपला आंबा मोठा करून घेतला. नकाशा भरत चालला.

एवढ्यात दारातून आवाज. "ही कसली गर्दी? कोन वारलं का काय?"

मैना कोळीण. बिल्डिंगमध्ये मासळी घेऊन येते. पाटी खाली ठेवून तिनं लोकांना कोपरानं बाजूला केलं आणि नकाशावर वाकली. हातानं नदी धरली आणि बोट खाली आणत आणत कागदाच्या कडेला आणलं. तिथं बोट थांबलं.

"आमची खाडी कुठं हाय?"

"मैनाबाई, कागद संपला तिथं," विनायकराव म्हणाले.

"सगल्यांचा कागद आमच्याकडंच येऊन संपतो," मैना म्हणाली. हसूनच म्हणाली ती. तिचा नवरा धर्मराज होडी घालतो. खाडीत भराव पडतोय, बोईट मासा मिळत नाही, हे ती रोज जिन्यात सांगते, आणि रोज सगळे "हो ना" म्हणून कोळंबी निवडत बसतात.

विनायकराव उठले. हितेशला डिंक आणायला सांगितलं. नकाशाला खाली आणखी एक कागद जोडला आणि त्यावर खाडी काढली. चांगली रुंद काढली, काठाला तिवरांची झाडी, पाण्यात होड्या. मैनानं बघितलं. "बोईट काढा."

"नकाशात मासे नसतात दाखवत."

"मंग घोडं कसं काय उडतात?"

बोईट काढले.

रविवार उजाडला. विनायकराव अगदी खुशीत. नवा सदरा, नकाशा गुंडाळून लाल रिबीन. लेक-सून वल्लरीला घेऊन आले, खाली उतरून केक कापला, आणि बघतो तर हॉलभर माणसं! उदयसिंह, हितेश, गंगाबाईसुद्धा. बोलावलं कुणीच नव्हतं. आपापली दुरुस्ती झाली की नाही ते बघायला आले होते सगळे.

वल्लरीनं रिबीन सोडली. डोळे मोठे केले. जमिनीवर पालथी पडून बोट फिरवायला लागली. "ही विहीर... हे घोड्यांचं... आजोबा, हे मासे किती भारी! आणि राक्षस? राक्षस कुठं राहतो?"

"त्याला काढलं," विनायकराव म्हणाले. "सर्वांची हरकत आली."

"पण आधी होतं ना त्याचं घर? हे बघा, खोडलेलं दिसतंय. इथं पण दिसतंय. इथं पण."

"होतं."

"मग तो आता कुठं गेला?"

उदयसिंह छताकडे बघायला लागले. हितेशनं उगाच मोबाइल काढला. त्या हॉलमधलं निम्मं माणूस कुठून तरी उठून इथं आलेलं, आणि निम्म्यांना त्यांच्याच जागेवरून उठवलेलं.

वल्लरी बसती झाली. "राक्षसच नाही तर गोष्टीत होणार काय?" तिनं नकाशा हळूच गुंडाळायला घेतला. नीट गुंडाळत होती बिचारी, आजोबांना वाईट वाटू नये म्हणून. "राहू द्या आजोबा. छान आहे चित्र." आणि तिचा दुसरा हात खुर्चीवरच्या टॅबकडे गेला.

विनायकरावांनी आयुष्यात एवढ्या हरकती ऐकल्या, पण बरोबर हरकत ही एकच होती. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. "कुणी जागा देतं का त्याला?" हळू विचारलं.

कुणी वर बघेना.

"द्या आमच्याकडं धाडून."

दारात मैना. वाढदिवसाची पापलेटं घेऊन आली होती. पाटी डोक्यावरच. "काय बघताय? खाडीच्या काठाला जागा हाय. आमच्याकडं कोन बी येतो नि राहतो, त्यात येक राक्षस. पन मासली माज्याकडूनच घ्याला लागंल. नि काटं काढून मागायचं नाय."

वल्लरीचा हात टॅबवरून उठला. "तो घासाघीस करेल का?"

"करूदे की. तुजी आजी करते, तिला कुठं मी खाडीत ढकललाय?"

सुनीताबाई सगळ्यांत जोरात हसली. विनायकरावांनी नकाशा पुन्हा उलगडला, काळ्या शाईचं पेन काढलं, आणि चिकटवलेल्या कागदावर, खाडीच्या काठाला, तिरक्या रेघा मारल्या. ठसठशीत. मग उभे राहिले. चष्मा काढला. सुनीताबाईसुद्धा गप्प.

"राक्षसाच्या घराची चतुःसीमा. पूर्वेला भाताची खाचरं, पश्चिमेला खाडी, उत्तरेला तिवरांची झाडी, दक्षिणेला मैनाबाईचं घर. पुण्यापासून तीन तास, घाटात गर्दी नसेल तर."

वल्लरी पुढं सरकून त्यांच्या पायाशी मांडी घालून बसली. हॉलमधले सगळेच बसले, जमिनीवर, जागा मिळेल तिथं.

"तर ह्या गावात," विनायकरावांनी सुरुवात केली, "एक राक्षस होता. त्याला बोईट फार आवडायचे..."

मागून उदयसिंहांनी हात वर केला. "टिपणीस, माझी एक छोटीशी सूचना होती."

वल्लरीनं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"मुदत संपली, काका," ती म्हणाली. "गोष्ट सुरू झाली."